आरोग्याची आवक-जावक

निर्णय तसा अगदी छोटा होता. रोज अर्धा तास चालायचं, दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायचं, लिफ्ट सोडून जिना चढायचा आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. चारच गोष्टी. कुणीही कराव्यात आणि गप्प बसावं. पण हा निर्णय रजिस्टररावांनी घेतला, आणि घोटाळा तिथेच झाला.

रजिस्टरराव हे ऑफिसातल्या लोकांनी त्यांना दिलेलं नाव. आवक-जावक विभागात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, आणि ज्याची नोंद नाही तो कागद या जगात नाहीच, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. लोक चेष्टेने रजिस्टरराव म्हणत, पण त्यांना ती पदवी वाटे. (आपल्या पश्चातही हे नाव राहावं, अशी त्यांची इच्छा होती.)

प्रकरण सुरू झालं ते डॉक्टरांकडे. रजिस्टररावांच्या लग्नाला येत्या महिन्यात पंचवीस वर्षं होत होती, आणि डोंगरावरच्या विश्रामगृहात दोन दिवस राहायचं, हे बायकोने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून मनात धरलं होतं. दर वर्षी ऑफिसचं काहीतरी निघे आणि डोंगर तिथेच राही. या वर्षी तिने परस्पर बुकिंग करून टाकलं. वर जायला सहाशे बारा पायऱ्या होत्या. म्हणून आधी दोघांची तपासणी.

डॉक्टरांनी रजिस्टररावांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"ब्लडप्रेशर वाढलंय. वजनही. दिवसभर खुर्चीत बसता ना?"

"खुर्चीशिवाय रजिस्टर लिहिता येत नाही, डॉक्टर."

"मग महिनाभर दोघांनीही या चार सवयी लावून घ्या. आकडे उतरले तर डोंगर चढा. नाही उतरले तर मी परवानगी देणार नाही."

बाहेर आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "अहो, एक सांगून ठेवते. तुम्हाला परवानगी मिळाली नाही, तर मी ताईला घेऊन जाईन. बुकिंग दोघांचं आहे. कोणते दोघं, ते त्यात लिहिलेलं नाही."

हे वाक्य रजिस्टररावांच्या वर्मी लागलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायको डोंगरावर मेहुणीबरोबर, आणि आपण घरी कुंड्यांना पाणी घालतोय! छे, छे! त्याच संध्याकाळी त्यांनी दोनशे पानांचं जाड बांधणीचं रजिस्टर आणलं. पट्टी घेऊन रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, चालणे, पाणी, जिना, आहार, शेरा आणि सही. रकाने आखतानाच त्यांना इतकं निरोगी वाटू लागलं, की त्या आनंदात त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"हे कशाला?" बायकोने विचारलं. ती कपडे शिवायची. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान होतं, आणि गळ्यात टेप कायम. "पाणी प्यायला रजिस्टर लागतं?"

"अगं, नोंद असली की शिस्त लागते. तुझ्यासाठीही एक आखून देऊ?"

"मला नको. मी पाणी पितेच की."

पहिले बारा दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. रजिस्टरराव पहाटे उठत, चालून येत, 'सहा ते साडेसहा, वेग मध्यम' अशी नोंद करून खाली सही करत. चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात जिन्याने जात. पोट हलकं वाटू लागलं. आरशासमोर ते दोनदा आडवे उभे राहिले आणि दोन्ही वेळा खूश झाले.

तेराव्या दिवशी ऑफिसात वार्षिक अहवालाचं काम येऊन आदळलं.

आता रजिस्टररावांच्या विभागातली एक पद्धत सांगायला हवी. तिथे तपासणीचं पथक कधीही येई, आणि रकाना रिकामा दिसला की जाब विचारी. म्हणून गर्दीच्या दिवसांत नोंद आधी करायची आणि काम मागाहून उरकायचं, असा रिवाज होता. रजिस्टरराव प्रामाणिक माणूस. सव्वीस वर्षांत त्यांनी केलेली एकही नोंद खोटी राहिली नव्हती. पत्र रवाना झालं असं लिहिलं, की ते स्वतः धावत जाऊन रवाना करत. तीच पद्धत आता आरोग्याला लागू झाली. रात्रीचं जेवण झालं, की ते दुसऱ्या दिवशीचे रकाने भरून टाकत. 'चाललो. प्यालो. चढलो.' चालायचं काय, ते होईल सवडीने!

सवड काही झाली नाही.

"बाबा, आज चालायला गेला नाहीत?" मुलगी विचारी.

"नोंद झाली आहे," ते बूट घालता घालता सांगत आणि ऑफिसकडे पळत.

डॉक्टरांकडच्या तपासणीचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाची वेळ होती. रजिस्टररावांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दुपारी बारा वाजता घरी लाल पेन्सिल घेऊन रजिस्टर पडताळायला बसले. जे झालं नव्हतं त्यावर खूण करत गेले, आणि त्यांना दरदरून घाम फुटला. नऊ वेळचं चालणं, चौदा वेळचा जिना आणि कितीतरी ग्लास पाणी, सगळं सहीनिशी झालेलं होतं आणि प्रत्यक्षात बाकी होतं! खोटं रजिस्टर घेऊन डॉक्टरांसमोर जायचं? सव्वीस वर्षांची अब्रू!

त्यांच्या अंगात वीज संचारली. सहा तास होते. बॅकलॉग काढायचा!

ते इमारतीचा जिना उतरले आणि पुन्हा चढले. उतरले आणि चढले. पाचव्या फेरीला वॉचमन स्टुलावरून उठला.

"साहेब, काही हरवलंय का?"

"नाही. बॅकलॉग आहे."

"कोणत्या मजल्यावर राहिलाय? मी आणून देतो."

"तो माझा मलाच आणावा लागतो!" असं ओरडून रजिस्टरराव वर दिसेनासे झाले.

चौदा फेऱ्या झाल्या. मग इमारतीभोवती चालणं सुरू झालं. एका हातात पाण्याची बाटली, एका हातात रजिस्टर, तोंडात लाल पेन्सिल. दर फेरीला एक घोट, दर घोटाला एक खूण. खिडक्यांतून माणसं बघू लागली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. रजिस्टररावांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता, पोट डुचमळत होतं, पण मन उचंबळून आलं होतं. शेवटची खूण त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर केली. एकही नोंद बाकी नाही! त्यांना नाचावंसं वाटलं. (पोटातल्या पाण्याचा विचार करून नाचले नाहीत.)

बायको आधीच येऊन बसली होती. "अहो, हे काय? पोहून आलात की काय?"

रजिस्टररावांनी धापा टाकत बूट काढले. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. वजन दीड किलो वाढलं होतं. पट्टा बांधला. आकडा पाहून डॉक्टर स्वतःच खाली बसले.

"महिनाभर केलंत तरी काय?"

रजिस्टररावांनी दोन्ही हातांनी रजिस्टर पुढे केलं. डॉक्टर पानं उलटत गेले, शेवटच्या पानावर थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"ही तर उद्याची तारीख आहे."

"हो... म्हणजे... रात्री गडबड नको म्हणून."

"'सकाळी सहा ते साडेसहा चाललो. हवा आल्हाददायक.'" डॉक्टरांनी वर पाहिलं. "हवासुद्धा?"

"शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवत नाहीत, डॉक्टर."

बायकोने कपाळाला हात लावला. मग हळूहळू, रडवेल्या आवाजात, रजिस्टररावांनी बॅकलॉगची सगळी हकीकत सांगितली. मध्येच दोनदा त्यांना उठून घाईघाईने आत जाऊन यावं लागलं.

"एका दुपारी इतका जिना आणि इतकं पाणी? पुन्हा असला वेडेपणा करू नका, जिवावर बेतेल," डॉक्टर गंभीर झाले. "तासभर गप्प बसा. आणि काही लिहू नका."

तेवढ्यात बायकोची तपासणी झाली. तिचे सगळे आकडे उतरले होते. तिने केलं काय होतं? दुकानात लांबच्या रस्त्याने जायची, मशीनशेजारी पाण्याचा तांब्या ठेवायची, आणि दर शिवलेल्या कपड्यामागे एकदा उठून उभी राहायची. लिहिलं कुठेच नव्हतं. रजिस्टरराव अविश्वासाने तिच्याकडे बघत राहिले. नोंद नसताना गुण आला कसा?

तासाभराने त्यांचा आकडाही बराच खाली आला.

"पहिले बारा दिवस खरे चाललात, त्याची ही पुण्याई," डॉक्टर म्हणाले. "अजून सात दिवस देतो. तेच करा, पण रजिस्टर माझ्याकडे राहील."

ते सात दिवस रजिस्टरराव बायकोबरोबर चालले. तिने त्यांचा उजवा हात धरून ठेवला होता. (मोकळा सोडला की तो खिशातल्या पेनाकडे जाई.) तीही बोलत होती, तेही बोलत होते, आणि अर्धा तास कधी संपे ते कळत नसे. आठव्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. मेहुणीला कळवण्यात आलं की तिने भरून ठेवलेली बॅग रिकामी करावी.

आणि खरंच, सहाशे बारा पायऱ्या रजिस्टरराव चढले! थांबत, पाणी पीत, पण चढले. वर वारा सुटला होता. खाली सगळं शहर काडेपेटीएवढं दिसत होतं. बायको कठड्याला टेकून म्हणाली, "पंचवीस वर्षं लागली हो यायला." तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात विश्रामगृहाच्या रखवालदाराने त्यांच्यापुढे पाहुण्यांचं रजिस्टर उघडून धरलं.

रकाने! सुबक, सरळ, कोरे रकाने! बायको डोळे पुसत पाणी आणायला आत गेली. रजिस्टररावांनी आगमनाची नोंद केली. हात थांबेना. शेजारचा रकाना रिकामा राहत होता. त्यांनी तोही भरला. 'परत जाणे : पायी. काही त्रास नाही.' खाली झोकदार सही.

परतीच्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या उंबऱ्यातच त्यांचा पाय मुरगळला. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून, दोरीने बांधून उचललं. तोच रखवालदार रजिस्टर घेऊन धावत आला.

"काका, इथे पायी लिहिलंय. खोडून दुरुस्ती करावी लागेल."

रजिस्टररावांनी पेनासाठी हात लांबवला.

"तुम्ही राहू द्या," बायको म्हणाली. तिने पेन घेतलं, 'पायी' वर काट मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं :

'जावक : एक नग. जड आहे. सांभाळून न्यावा.'