सत्तेचाळीसला तीन हाका

आमच्या कॉलनीतले हिरेमठअण्णा रोज सकाळी बरोबर दहा वाजता एका माणसाला हाक मारतात आणि तो माणूस तिथे नसतो.

व्हरांड्यात टेबल. टेबलावर रजिस्टर, शिक्क्याचं पॅड आणि पितळी घंटी. समोर सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, सहाही रिकाम्या. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून बसतात, घंटी वाजवतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "सत्तेचाळीस." थांबतात. "सत्तेचाळीस." पुन्हा थांबतात. तिसऱ्या हाकेला आवाज जरा उतरतो. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत, एखाद्याला उठून यायला लागेल तेवढा वेळ जाऊ देतात, रजिस्टरात एक ओळ लिहितात आणि आत जाऊन उप्पीट खातात.

माझं घर बरोबर वर. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हजेरी मला नवी नाही. पण वर्गच नसताना घेतलेली हजेरी मी इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा ऐकली. पहिले आठ दिवस हसले. नंतर नंतर माझ्याच हातातला झारा तिसऱ्या हाकेपर्यंत कढईत थांबायला लागला.

अण्णा आखातातल्या एका देशात आपल्या वकिलातीत क्लार्क होते. खिडकी नंबर तीन. पासपोर्ट हरवलेले, मालकाने पासपोर्ट काढून घेतलेले, तुरुंगातून सुटलेले आणि मेलेले, असे सगळे त्यांच्याच खिडकीवर.

"मेलेले कसे येतील अण्णा?"

"कागदानं येतात की बाई. जिवंत माणूस उशिरा येईल एखाद वेळी. मेलेल्याचा कागद वेळेवर येतो."

एवढं बोलून ते चहात बिस्कीट बुडवतात. आपलं बिस्कीट मात्र हातातच राहतं.

"पेंडिंग नको" हा त्यांचा मंत्र. नळ गळतोय? पेंडिंग नको. वॉचमन कल्लप्पा खोकतोय? पेंडिंग ठेवू नको, दाखवून घे. एका लग्नघरात नवरीच्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवून "हे अजून पेंडिंग का?" असं त्यांनी विचारलं होतं. त्यानंतर त्या घराने त्यांना बोलावणंच बंद केलं.

अशा माणसाचा सत्तेचाळीस मात्र वर्षानुवर्षं पेंडिंग. मुलाकडे जायचं म्हणून मी एकदा पासपोर्टचा फॉर्म भरून घ्यायला त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी मला चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर ४८.

"मग बोलवा की. मी समोरच उभी आहे."

"सत्तेचाळीस झाल्याबिगर अठ्ठेचाळीस कसा येईल बाई? नियमात बसत नाही."

पासपोर्ट मी सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून फॉर्म भरून काढला, मुलाकडे जाऊनही आले. चिठ्ठी मसाल्याच्या डब्याखाली पडून राहिली. पाच वर्षं झाली त्याला.

कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. बसू नका असं अण्णांनी कुणाला सांगितलेलं नाही, तरी बसत नाही. कॉलनीतलं कुत्रं इतर पाच खुर्च्यांखाली लोळतं, तिच्याखाली नाही. कल्लप्पा तर मला एकदा हळूच म्हणाला, "दुसऱ्या हाकेला खुर्ची करकरती बाई. म्या ऐकलंय." मी त्याला चांगलं झापलं.

मग एकदा दहा वाजता वीज गेली. एमआयडीसी आमच्या पाठीला, यंत्रमागांची खटखट आमच्या कानात इतकी मुरलेली की ती थांबली तरच ऐकू येते. नेमकी दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये थांबली. त्या शांततेत, मागे रेललेला माणूस सरळ होताना प्लास्टिक जसं वाजतं, तसं ते वाजलं. जिन्यात उभी राहून मी ऐकलं. उन्हाने प्लास्टिक फुगतं आणि वाजतं हे मला कळतं. पण त्या कोपऱ्यात दहा वाजता ऊन येत नाही. कल्लप्पाला झापणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

गेल्या महिन्यात अण्णा वर आले. "बाई, मंगळवारी व्हिजिट आहे."

"कुणाची?"

"वरिष्ठांची."

झालं. अण्णांच्या जुन्या खात्यातले कुणी बडे साहेब दिल्लीहून येताहेत, असं कॉलनीने परस्पर ठरवलं. चेअरमननी सत्काराला सोलापुरी चादर आणली. अण्णांनी व्हरांड्याला चुना मारला, कुंड्या मागून आणल्या आणि आम्हा पाच जणांना अर्जदार म्हणून खुर्च्यांवर बसायची तालीम दिली. "हसू नका. पण समाधानी दिसा."

"हे कुठलं शास्त्र अण्णा?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वकिलातीतही एकदा दिल्लीहून मोठे साहेब तपासणीला आले होते. आठ दिवस नुसती धावपळ. भाड्याच्या कुंड्या आणल्या, पंख्यांना रंग दिला, तोही पंखे चालू ठेवून. रांगेतल्या खऱ्या लोकांचे चेहरे बरे दिसेनात, म्हणून पुढच्या ओळीत स्टाफच्या बायका अर्जदार म्हणून बसवल्या. "आमच्या हिनं एका दिवसात तीन खिडक्यांवर तीनदा पासपोर्ट हरवला," अण्णा म्हणाले. काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हे सांगताना ते हसले.

"आणि साहेब काय म्हणाले?"

"पेंडिंग किती विचारलं. मी म्हटलं, शून्य. शाबास म्हणाले." मग अण्णा पुसलेली घंटी पुन्हा पुसत बसले.

मंगळवारी पावणेदहाला आम्ही समाधानी चेहऱ्याने बसलो. सहावी, कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. रिक्षा थांबली. त्यातून एक म्हातारी उतरली, इरकल नेसलेली, हातात कापडी पिशवी. चेअरमन चादर घेऊन पुढे झाले आणि तिच्या मागे साहेब कुठे दिसतात ते बघायला लागले. मागे कुणी नव्हतं. रिक्षा निघून गेली.

अण्णा पायऱ्या उतरून गेले. "या अव्वा." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "या होटगी गावच्या गंगव्वा. सत्तेचाळीसच्या आई."

आमचे समाधानी चेहरे उतरले. कुत्रंसुद्धा उठून बसलं.

अण्णा टेबलाशी गेले, पण बसले नाहीत. शाळेत शिक्षा झालेला मुलगा उभा राहतो तसे हात बाजूला सोडून उभे राहिले.

"अव्वा, एक गोष्ट तुमाला सांगायची राहिली. नियम तीन हाकांचा आहे. तीन हाकांत उठला नाही तर गैरहजर. त्या दिवशी मोठे साहेब जिन्यात आले होते. मला रजिस्टर कोरं पाहिजे होतं. मी एकच हाक मारली आणि तुमच्या सिद्धूला गैरहजर लिहिलं. तो मागनं खिडकीवर आला, ऐकू आलं न्हाय म्हणाला. पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलेला, घरी यायला नुसता एक कागद पाहिजे होता. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, उद्या ये."

ते थांबले. चष्मा काढला, परत घातला.

"उद्या सुट्टी निघाली. परवा तो खोलीत झोपेतनं उठलाच नाही. कागद माझ्याच खिडकीवर आला. खिशात रुमाल, किल्ली आणि माझं सत्तेचाळीस नंबरचं टोकन. त्याला घरी पाठवायचा कागद मग मीच केला. दहा मिनिटंच लागली." आवाज अगदी खाली गेला होता. "रिटायर होऊन तुमच्याकडं आलो, तेव्हा तुमी म्हणाला, एका कानानं कमी ऐकतंय पोरगं, तीन हाका मारा लागत्यात. तेव्हापासून रोज तीन मारतोय. पण त्या दिवशी एकच मारली, हे सांगायचं पेंडिंग राहिलं."

घाईच्या दिवशी एका हाकेवर मीही मुलं गैरहजर मांडलेली आहेत. मला खाली बघावं लागलं.

गंगव्वा शांत होती. "ठावं हाय की मला," ती म्हणाली. "त्याच सांजेला फोन केलता त्यानं. आपल्या सोलापूरकडचा साहेब भेटला, उद्या काम करतो म्हणाला. लई खुशीत हुता."

अण्णांनी टेबलाची कड धरली. "मग इतकी वर्षं बोलला नाही, अव्वा?"

"तुमी कवा सांगताव, बघत हुते."

मग ती चालत कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेली. सहा खुर्च्यांतली हीच ती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ती अर्धी वळवली.

"अशी कशी ठिवली? उजवा कान तुमच्याकडं पायजे. डाव्यानं त्याला ऐकूच येत न्हाय." पदर सारखा करून ती बाजूला झाली. "मारा आता. नंबर नगं. नाव घ्या."

"सिद्धाराम," अण्णा म्हणाले. मागांची खटखट चालू होती. तरीही सगळं थांबल्यासारखं वाटत होतं. अण्णांनी दुसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला, तेवढ्यात म्हातारीने हात वर केला.

"बास. उठला."

आमच्यापैकी कुणाची मान हलली नाही. फक्त दारात उभा असलेला कल्लप्पा, कुणाला तरी वाट द्यावी तसा, दोन पावलं बाजूला सरकला. का सरकला ते त्याला अजून सांगता येत नाही.

अण्णांनी रजिस्टरात लिहिलं. गंगव्वाने पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून टेबलावर ठेवली. चेअरमनना दुसरं काही सुचेना, त्यांनी चादर तिच्या खांद्यांवर घातली. ती त्यांना म्हणाली, "उबदार हाय."

दुसऱ्या दिवशी दहाला मी गॅस बंद करून उभी राहिले. आता हाक येणार नाही असं वाटलं, आणि खरं सांगते, तरी मी झारा हातात धरून थांबले. मग घंटी वाजली.

"अठ्ठेचाळीस."

मसाल्याच्या डब्याखालची चिठ्ठी तेलकट झाली होती. ती घेऊन मी जिना उतरेपर्यंत त्यांनी दुसरी हाक मारली, तिसरीही मारली, आणि तरी थांबले. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. कामच नव्हतं माझं काही. अण्णांनी ती सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं.

"फार वेळ थांबवलं तुमाला," ते म्हणाले. "माफ करा."

"काही हरकत नाही अण्णा," मी म्हटलं. "आले ना मी."