ओढून आणीन तीर्थपुरीत

सूरजची नवी गाडी मीच ओढून तीर्थपुरीत आणणार, हे मी आदल्या दिवशी ओट्यावर उभा राहून, चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं. माझा शब्द खरा होता होता राहिला. कसा राहिला ते आधी ऐका, मग हसा.

सूरज माझा मुलगा. तीर्थपुरीला त्याचा साखरपुडा, आणि त्यासाठी म्हणून या साहेबांनी नवी गाडी घेतली. पांढरी. दुसरा रंग कोणी घेतो का हल्ली! या नव्या गाड्या बघितल्या की माझं डोकंच फिरतं. सगळ्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या, कोपरे झिजलेल्या. एक झाकावी आणि दुसरी काढावी. पूर्वी नुसत्या आवाजावरून गाडी ओळखू यायची. फाट्यावरचा चहावाला मान वर न करता सांगायचा कोण येतंय ते. आता पाटी वाचल्याशिवाय मालकालाही आपली गाडी कळत नसेल. वर ती बोलते! पट्टा लावा म्हणते, दार नीट लावा म्हणते. घरात मी एवढं ऐकून घेतो, आता गाडीचंही ऐकायचं का?

माझ्या जीपला असली थेरं माहीत नाहीत. धावडा ते भोकरदन, आत बसतील तेवढी आणि बाहेर लटकतील तेवढी माणसं घेऊन ती वर्षानुवर्षं धावली. सूरजचं शिक्षण, लेकीचं, संध्याचं लग्न, घरावरचा स्लॅब, सगळं तिनं ओढलं. आणि हे चिरंजीव मला काय म्हणाले?

"आबा, साखरपुड्याला जीप नका आणू. लई धूर सोडती. अन् बद्रीनाथला बोललोय मी, तो घेऊन जाणार हाये तिला."

बद्रीनाथ म्हणजे भोकरदनचा जुन्या गाड्या तोडून विकणारा. तोडून! माझ्या जीपला! तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच मी ते बोललो: तुझी ही साबणाची वडी रस्त्यात बंद पडेल आणि माझी जीप तिला ओढून तीर्थपुरीत आणेल. आणली तर जीप मरेपर्यंत माझ्या दारात राहील.

"अन् न्हाई आणली तर?" सूरज म्हणाला.

"तर बद्रीनाथला बोलव. मी हू की चू करणार न्हाई."

निघायच्या आधी दुर्गाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, नव्या गाडीची पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि गाडीच्या तोंडावर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार बांधला. नवरीच्या दारात पोचेपर्यंत हार काढायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. सूरज आणि संध्या त्या गाडीतून पुढे गेले. मी जीप काढली. मी एकटा जाऊ नये म्हणून दुर्गाबाई माझ्या शेजारी बसल्या, पण त्यांचा मोबाइल संध्याच्या पर्समध्येच राहिला.

अंबडच्या पुढे गेलो आणि मन भरून आलं. रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी उभी! हार लोंबतोय, सूरज कंबरेवर हात ठेवून उभा, संध्या पदरानं वारा घेतेय. मी जीप थांबवली आणि मुद्दाम सावकाश उतरलो.

सूरजचं म्हणणं असं, की गाडी चार हात चालते आणि आपोआप ब्रेक मारते. कंपनीला फोन केला तर ते म्हणतात, हलवू नका, आमचा माणूस उद्या येईल.

"पुढं काईतरी आडवं हाये असं गाडीला वाटून राह्यलंय," तो म्हणाला.

गाडीला वाटतंय! वाटायचं काम ड्रायव्हरचं! गाडीला वाटायला लागलं तर उद्या तिला तीर्थपुरीची सोयरीक पसंत नाही असंही वाटेल. मी त्याला रस्त्यातच यथेच्छ झापलं. मग दोर काढला, एक टोक त्याच्या गाडीला आणि दुसरं माझ्या जीपच्या मागच्या बंपरला बांधलं. बंपरवर दोनदा लाथ मारून दाखवली. म्हटलं, बघ, हे त्या काळचं लोखंड आहे.

निघालो. थोडं पुढे गेल्यावर एक जोराचा हिसका बसला, आणि त्यानंतर जीप एकदम हलकी पळायला लागली. मला वाटलं, चढ संपला. मागून हॉर्न ऐकू येत होता, तो कमी कमी होत थांबला. पोराला लाज वाटली असेल, म्हणून मी सोडून दिलं. मागचं बघायचा आरसा गेल्या पोळ्याला बैलाच्या शिंगानं फुटला, तो मी परत लावलेला नाही. गाडी पुढे बघून चालवायची असते! खिशातला फोन वाजत होता, पण गाडी चालवताना फोन उचलायला मी काय आजकालचा पोरगा आहे?

दुर्गाबाई बाही ओढून काहीतरी सांगत होत्या. जीपच्या आवाजात काही कळेना, आणि मीही जुन्या गाड्यांच्या लोखंडाबद्दल बोलत होतो. तेवढ्यात एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेली. आतून कुणीतरी हातही केला. काय ही मिजास! मी मूठ उगारली आणि ठेवणीतल्या चार शिव्या घातल्या. दुर्गाबाईंनी उलट हात केला. अनोळखी माणसांना हात कशाला करता, म्हणून मी त्यांच्यावरही ओरडलो.

तीर्थपुरीत मांडवासमोर जीप उभी केली. आमचे होणारे व्याही तातेराव सामोरे आले. खाली उतरायच्या आधीच मी जाहीर केलं, "घ्या तातेराव, तुमचा जावई ओढून आणलाय."

तातेराव जीपच्या मागे जाऊन बघून आले. मग मी जाऊन बघितलं. मागे गाडी नव्हती. दोर नव्हता. बंपरसुद्धा नव्हता! आणि सूरज मांडवात खुर्चीवर बसून सरबत पीत होता.

संध्यानं सगळं सांगितलं. मागच्या गाडीला जीप इतकी जवळ दिसल्यावर तिनं करकचून ब्रेक मारला, आणि त्या काळचं लोखंड जीपपासून उखडून तिथंच रस्त्यात राहिलं. मग ते रस्त्यात उभे असताना वस्तीवरची एक शेळी आली आणि तिनं हार खाऊन टाकला. हार घसरून गाडीच्या नाकावर आला होता, तोच गाडीला आडवा दिसत होता. शेळीचं खाऊन झालं आणि गाडी सुरळीत चालू लागली.

"अन् आबा, तुम्ही आमाला शिव्या काय दिल्या," संध्या म्हणाली.

"मी सांगतच व्हते," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमची जीप ऐकू देईल तवा ना."

सूरजनं डिकी उघडली. आत दोरासकट माझा बंपर होता. "आबा, तुमचीच जीप ओढून आणली बघा. एवढीच आली."

सगळा मांडव हसला. सूरज मात्र मग हळूच म्हणाला, "बद्रीनाथला मी न्हाई म्हणून सांगतो. राहू द्या जीप. तिच्यावरच शिकलो मी."

मला भरून आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मला दया नको होती! मी जीपची किल्ली त्याच्या हातात कोंबली. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. बोलव बद्रीनाथला. मी तुझ्याच गाडीतून घरी येणार, आणि आत्तापासूनच बसणार. तरातरा बाहेर गेलो, पांढऱ्या गाडीत बसलो आणि दार आपटलं. दारही धड आपटत नाही यांचं! काच खाली करायला एक खटका दाबला, तर पाठ मागे जायला लागली आणि मी आडवाच झालो.

काचेवर टकटक झाली. बाहेर दुर्गाबाई होत्या. "उतरा," त्या म्हणाल्या. "ही तातेरावांच्या थोरल्या जावयाची हाये. आपली पलीकडं उभी हाये."

उतरलो असतो. पण दार आतून उघडायचं कुठून, तेच सापडेना. शेवटी बाहेरून दार उघडलं ते सूरजनं, आणि जीपची किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

"चला आबा, जीपमधूनच जा तुम्ही," तो म्हणाला. "ती तरी वळखू येती तुमाला."