नळीभर थुंकी

किन्हीराजा गावच्या रामरावांना फक्त अर्धा तास तोंड रिकामं ठेवायचं होतं आणि नेमकं तेवढंच त्यांना जमत नव्हतं. पुण्याहून लेकीनं पाठवलेला पांढरा डबा समोर उघडा पडला होता. डब्यात एक प्लास्टिकची नळी, नळीवर एक रेघ आणि सोबत एक कागद. रेघेपर्यंत थुंकी भरावी, त्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये आणि तंबाखू तर मुळीच नको, असं कागदावर बजावलं होतं. सकाळपासून रामरावांनी तीनदा घड्याळ लावलं. पहिल्यांदा सातव्या मिनिटाला, दुसऱ्यांदा अकराव्या मिनिटाला आणि तिसऱ्यांदा चक्क बाविसाव्या मिनिटाला त्यांचा हात आपोआप बंडीच्या खिशात गेला आणि खर्ऱ्याची पुडी बाहेर आली. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला की माणसाचा हात माणसाच्या ताब्यात राहत नाही, निदान रामरावांचा तरी नाही.

हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. दिवाळीत अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आत एक पांढरा डाग दाखवला होता. निकिता, त्यांची एकुलती लेक, दवाखान्यातच रडायला लागली. तेव्हा घरी येऊन रामरावांनी आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या डोक्यावर हात ठेवला आणि खर्रा सोडल्याची शपथ घेतली. शपथ घरापुरती त्यांनी पाळलीही. गोठ्यात, वावरात आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीशी मात्र पूर्वीसारखंच चालू होतं.

आता ही नळी आली होती तीसुद्धा वडिलांसाठीच. दौलतराव ब्याऐंशी वर्षांचे. त्यांची आई रंगूबाई तरुणपणी मोठ्या रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायची. एका उन्हाळ्यानंतर ती दिवस गेलेली अशी भावाच्या घरी परतली, माणसाचं नाव तिनं कधीच सांगितलं नाही आणि मुलगा सहा वर्षांचा असताना ती वारली. मामानं त्याला वाढवलं आणि शाळेत बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर घागर भरून गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी सोडतात. दौलतराव आईचं नाव घ्यायचे, मामाचं घ्यायचे आणि तिसऱ्या वेळी नुसते ओठ हलवायचे. रामराव लहानपणापासून ते हलणारे ओठ पाहत आले होते. त्यांना दरवेळी वाईट वाटायचं, पण विचारायचा धीर कधी झाला नाही.

या वर्षी म्हाताऱ्यानं फोनवर नातीला सांगून टाकलं, "मरायच्या आंधी एकदा नाव घेऊन पाणी सोडीन म्हणतो." निकितानं दुसऱ्याच दिवशी डबा मागवला. थुंकीतून रक्ताचं नातं कळतं, कंपनीकडे ज्या लोकांनी थुंकी दिली आहे त्यांच्याशी ती जुळवतात आणि जुळलेल्या माणसांवरून मग जुनी कागदपत्रं शोधायची, असं तिनं सगळ्यांना समजावलं. खरं तर आबाजींचीच, म्हणजे आजोबांचीच थुंकी घ्यायला हवी, पण गोळ्यांमुळे त्यांचं तोंड कोरडं पडतं, म्हणून पप्पा, तुम्हीच द्या, असं ठरलं.

दुपारचा एक वाजला. चारला डबा मालेगावच्या कुरिअरवाल्याकडे पोचायला हवा होता आणि नळी एकच होती. रामराव ती खिशात घालून गोठ्यात गेले. तिथं किसन गुरांसाठी कुटार भरत होता. किसन मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यातला, बायको संगीतासह दहा वर्षांपासून रामरावांच्या शेतावर राहणारा. रामरावांनी इकडेतिकडे पाहून नळी त्याच्या हातात दिली. तोंड साफ पाहिजे, रेघेपर्यंत भरून दे आणि कोणाला सांगू नको, एवढंच ते बोलले. किसननं नळीकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तासाभरानं त्यानं भरलेली नळी झाकण लावून परत आणून दिली.

रामरावांनी मनाशी हिशेब केला होता. आपल्या भागातल्या कोणी कशाला अशा नळीत थुंकलं असेल? कोणाशी काही जुळणार नाही, लेक थोडी हिरमुसेल आणि विषय संपेल. डबा रवाना झाल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच आनंदात एक पुडी फोडली.

सात आठवड्यांनी निकिताचा फोन आला, तोच मुळी ओरडत. पुण्यात रीता नावाची एक नर्स होती, तिच्याशी जवळचं नातं जुळलं होतं. निकिता तिला जाऊन भेटलीसुद्धा. रीताचं घर मानोऱ्याच्या पलीकडच्या तांड्यात. तिचे पणजोबा हरसिंग जवानीत दोन उन्हाळे मालेगावच्या अंगाला मोठ्या रस्त्यावर गिट्टी फोडायला होते. निकितानं रजा टाकली, तहसिलीतून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढली आणि त्यात रंगूबाईच्या मुलाची जन्मनोंद सापडली. बापाच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, परगावचा, गिट्टीवर कामास.

मानोऱ्याचा तांडा म्हटल्यावर रामरावांना सगळा घोळ उमगला. किसनच्या थुंकीतून किसनचेच नातेवाईक निघाले, दुसरं काय निघणार? गिट्टी तर त्या काळी शंभर तांड्यांतल्या हजार माणसांनी फोडली असेल. त्यांनी किसनला गोठ्यात गाठून विचारलं की हा हरसिंग तुझा कोण लागतो. आपला कोणीच लागत नाही, आपला तांडा वेगळा, असं म्हणून किसननं मान खाली घातली ती वर केलीच नाही. बिचारा मालकाची अब्रू वाचवायला स्वतःचं नातंही नाकारतो आहे, असं समजून रामरावांना स्वतःची आणखीच लाज वाटली.

तिकडे दौलतरावांना मात्र पंख फुटले होते. त्यांनी निकिताकडून एका कागदावर मोठ्या अक्षरांत हरसिंग असं लिहून घेतलं आणि तो कागद ते न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवायला लागले. पारावर कोणी तांड्यावरून नाक मुरडलं, तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "ब्याऐंशी वर्षं मले बाप नोता, तवा कोणी द्याले आलं नाई. आता भेटला तर जात काहून इचारता?" रामराव तिथंच उभे होते, आणि आपणच या माणसाला एक परका बाप चिकटवून दिला, या विचारानं त्यांना कानकोंडं झालं.

सांगून टाकावं असं त्यांनी चार वेळा ठरवलं. एकदा त्यांनी मशीनसुद्धा चुकते म्हणून पाहिलं, तर निकितानं टक्केवारीचा कागद पाठवला. एकदा पुन्हा तपासणी करू म्हणाले, तर दौलतराव दुखावून म्हणाले की तुला माझ्या बापावर शंका आहे काय. त्यानंतर रामरावांची जीभ रेटेना. आणि मग एक दिवस तांड्यातून फोन आला. हरसिंगचे चिरंजीव रतनसिंग, वय चौऱ्याहत्तर, यांनी मोठ्या भावाला अखाजीच्या आधी घरी बोलावलं होतं.

गाडी केली. वाट माहीत म्हणून दौलतरावांनी किसनला आग्रहानं पुढं बसवलं. मागे दौलतराव, निकिता आणि रामराव. मानोरा येईपर्यंत म्हातारा लहान पोरासारखा बोलत होता. रामराव खिडकीबाहेर पाहत होते, किसन समोरच्या काचेतून पाहत होता आणि आरशात दोघांची नजरानजर झाली की दोघंही दचकून दुसरीकडे वळत होते.

तांड्यात घरासमोर मांडव टाकला होता. रतनसिंगांची बायको गोमतीबाई ओवाळता ओवाळता रडली. तिला पाहून निकिता रडली. रतनसिंगांनी दौलतरावांना मिठी मारली आणि दोन म्हातारे बराच वेळ तसेच उभे राहिले. रामरावांना ते रामरावजी, रामरावजी म्हणत होते, बसायला गादी देत होते, चहात साखर बरोबर आहे ना विचारत होते. त्या आदरानं रामराव आणखी आकसत होते. निम्मी गादी रिकामी ठेवून ते कडेला बसले.

चहा झाल्यावर रतनसिंगांनी आतून एक पितळी लोटा आणला. तो हरसिंगचा. अखाजीला बापाच्या नावानं पाणी सोडायचं ते याच लोट्यानं, आणि तो मान थोरल्या मुलाचा. चाळीस वर्षं तो रतनसिंगांनी सांभाळला होता. आता थोरला सापडला तर लोटा त्याचा, आपण मागे उभे राहू, असं सांगून त्यांनी दोन्ही हातांनी लोटा दौलतरावांच्या हातात दिला.

इतका वेळ रामरावांनी सगळं गिळलं होतं, पण दुसऱ्याच्या बापाचा लोटा आपल्या घरात येताना त्यांना पाहवेना. ते उठून उभे राहिले. "थांबा. ते नळीतली थुंकी माही नोती," ते म्हणाले.

आणि मग सगळंच बाहेर पडलं. खर्रा, शपथ, तीनदा लावलेलं घड्याळ, गोठा, किसन. बोलताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हरसिंगबाबा किसनचे कोणी असतीन. आमचे नाई. मले माफ करा."

दौलतरावांनी लोटा फार जपून खाली ठेवला, जणू तो दुसऱ्याचाच आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. राग नाही, आवाज नाही, त्यांनी फक्त विचारलं, "मंग माह्या बापाचं नाव काय, रामा?"

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात रामरावांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. स्वतःच्या हातानं म्हाताऱ्याला बाप दिला आणि स्वतःच्याच तोंडानं भर मांडवात तो काढून घेतला होता.

तेवढ्यात किसन खाकरला. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि घामानं भिजला होता. "भाऊ," तो म्हणाला, "ते माहीबी नोती."

सगळे त्याच्याकडे वळले. किसननं एकदाचं सांगून टाकलं. मालक नळी घेऊन आले तेव्हा त्याच्याही गालात खर्राच होता. त्यानंही संगीताला सोडल्याचं वचन दिलं होतं. मालकाला खर्रा आहे म्हणावं तर संगीताच्या कानावर जायचं, आणि गुपचूप भरून द्यावी तर मालकानं साफ तोंड मागितलेलं. आपलं तोंड तर पंधरा वर्षांत साफ नाही. अख्ख्या घरात साफ तोंडाचं माणूस एकच होतं. ते कोण, असं निकितानं विचारलं. किसननं नुसती दौलतरावांकडे नजर वळवली.

दौलतराव कपाळाला आठ्या घालून आठवत होते. "ते शुगरची नळी?" ते म्हणाले. "ते तर म्याच भरली. मले थुका सुटत नोता, तर हा किसन माह्यासमोर बसून घंटाभर चिंच खाये. मले म्हणे तपासनी झाल्यावर देतो. मंग देल्ली बी नाई."

निकितानं बोटांवर पिढ्या मोजल्या. पप्पांची थुंकी धरली तर रीताशी जुळलेलं नातं जास्तच जवळचं निघत होतं, आपलीच काही चूक होते आहे असं तिला वाटत आलं होतं. एक पिढी वर सरकवली की आकडा बरोबर बसत होता. रीता आबाजींच्या सावत्र भावाची नात, म्हणजे रतनसिंगांचीच. तिनं हे हुंदके देत, हसत, दोनदा समजावून सांगितलं. रतनसिंगांना आकडे कळले नाहीत, पण ते हळूच म्हणाले की किन्हीराजाचं नाव निघालं की आमचे बापू ताटावरून उठून जायचे, ते का, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं.

दौलतरावांनी लोटा पुन्हा उचलला. "दौलत हरसिंग," ते कोणालाही न उद्देशून म्हणाले, आणि जरा थांबून, बरोबर म्हटलं ना याची खात्री केल्यासारखं, पुन्हा एकदा म्हणाले.

रामरावांना वाटलं, सुटलो. पण कोणी त्यांच्याकडे पाहून हसलं नाही. निकिता तर त्यांच्याकडे पाहायलाच तयार नव्हती. आणि इतका वेळ रामरावजी म्हणणारे रतनसिंग त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"रामा, इकडं ये," ते म्हणाले. "आतापर्यंत तुमी पाव्हने होते, म्हणून बोललो नाई. आता तू माहा पुतन्या झाला. बापाच्या डोक्यावर हात ठिऊन खोटं बोलतो? लेकीले रडवतो? जाय, पयले तोंड धू."

रामरावांना आजवर काका नव्हता. असं तू म्हणून, चारचौघांत खडसावणारं माणूस त्यांच्या वाट्याला वडिलांखेरीज कधी आलंच नव्हतं. ते खाली मान घालून अंगणातल्या नळावर गेले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी किसनही मागोमाग आला. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून, एकमेकांकडे न पाहता चुळा भरल्या.

परत येताच रतनसिंगांनी रामरावांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि आ कर म्हणाले. रामरावांनी आ केला. काकांनी आत वाकून नीट पाहिलं.

"आनखीन एकदा," ते म्हणाले, आणि रामराव निमूटपणे पुन्हा नळाकडे निघाले.