खंडेनवमीची रायफल

"अहो आई, हात नका लावू! लायसन्स माझं आहे, हात फक्त माझाच लागला पाहिजे!"

"बरं, नाही लावत. तुम्ही धरून उभे राहा, उल्हासराव. पूजा मी लांबूनच करते," द्रौपदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी निरांजन लावलं.

खंडेनवमीला घरात कोरं शस्त्र आणि त्याची पूजा नाही, हे साताऱ्याहून लीड्सला आलेल्या सासूबाईंना पटणार कसं? उल्हास पडला भूलतज्ज्ञ, बाथटबमधला कोळीसुद्धा मगात धरून बागेत सोडणारा. पण मित्रांच्या नादानं नामिबियाला रानरेड्याच्या शिकारीला जायचं ठरवून बसला होता आणि पाच किलोची ही रायफल घेऊन मोकळा झाला होता. आता फक्त रायफल नीट सांभाळता येते, अशी शूटिंग क्लबच्या माल्कमची फॉर्मवर सही हवी होती. ती नाही मिळाली, तर नामिबिया विसरा.

त्यात नियमाप्रमाणे रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायची मागची खिटी, उघडा. सासूबाईंनी सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं, अक्षता उधळल्या. उल्हासनं घाईघाईत वरवर पुसलं आणि तो निघाला.

रेंजवर नवी नळी रुळवायची म्हणजे एक गोळी झाडायची, नळी पुसायची, पुन्हा एक. इथे पहिलीच गोळी भरायची पंचाईत! बोल्ट बसेचना. माल्कमनं रायफल हातात घेऊन आत बॅटरी मारली.

"नव्या रायफलला गंज? आणि हे काय, तांदूळ?"

उल्हासची बोबडी वळली. "दुकानातूनच... तशी आली असेल."

"अस्सं? तीस वर्षं ओळखतो मी त्या दुकानदाराला. थांब, चांगला फैलावर घेतो." माल्कमनं फोन काढला.

बिचारा दुकानदार! त्यानं तर रायफल कशी पुसायची तेही तासभर शिकवलं होतं. उल्हासला स्वतःचीच लाज वाटली.

"नको, नको! त्याची काही चूक नाही. माझ्या सासूबाईंनी पूजा केली हिची. तो गंज नाही, कुंकू आहे."

माल्कमचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हणजे लायसन्स नसलेल्या बाईच्या हातात तू रायफल दिलीस?"

"छे हो! बोटसुद्धा लावू दिलं नाही. मीच धरून उभा होतो."

"किती वेळ?"

"पाच आरत्या झाल्या. पाऊण तास असेल."

"खाली नाही ठेवलीस?"

"कशी ठेवणार? त्या ताम्हन घेऊन समोरच उभ्या होत्या!"

माल्कमनं चिमट्यानं एकेक तांदूळ वेचला, नळी लख्ख केली आणि फॉर्म पुढे ओढला. उल्हासनं मनातल्या मनात नामिबियाला रामराम ठोकला.

माल्कमनं सही करून कागद त्याच्या हातात दिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'शस्त्र दुसऱ्याच्या हाती देत नाही. सासू समोर असली तरी.'