दहा ते एक ओ देऊ नये

उद्यापासून शिस्त, असं मालकांनी ठरवलं.

ठरवलं ते रविवारी, जेवण झाल्यावर, आडवं पडून. (मालकांचे सगळे क्रांतिकारी निर्णय आडव्या अवस्थेतच होतात. उभं राहिलं की ते विसरतात.) 'मालक' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाच महिन्यांपूर्वी कचेरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढून त्यांनी लाकडी पक्षीघरं बनवायची आणि ऑनलाइन विकायची असा धंदा सुरू केला. पहिल्याच दिवशी सकाळी नऊ वाजता ते पांघरुणात दिसले, तेव्हा बायको म्हणाली, "काय मालक, आज दुकान उघडायचं नाही वाटतं?" तेव्हापासून घरात, जिन्यात आणि शेजारच्या गॅलरीत ते मालकच झाले.

आता रजेचा शेवटचा महिना उरला होता. धंदा उभा राहिला नाही तर परत तीच खुर्ची, तोच पंखा आणि "काय, पाखरं उडाली का?" असं विचारणारे तेच साहेब. आणि अशात देव पावला. एका मोठ्या रोपवाटिकेच्या बाईंनी बारा घरांची ऑर्डर दिली. माल बुधवारी कुरिअरने निघाला तर पुढे दर महिन्याला घेऊ, नाही निघाला तर दुसरं कुणीतरी बघू, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

तेव्हा वेळापत्रक हवंच होतं. सोमवारचा अख्खा दिवस मालकांनी ते आखण्यात घालवला. चार रंगांची पेनं, एक मोठं कार्डशीट. सकाळी साडेपाच ते सहा चिंतन. सहा ते सात व्यायाम. दहा ते एक सखोल काम. मधे दोनदा 'वेळापत्रकाचा आढावा'. रात्री तक्ता भिंतीवर लागला तेव्हा तो इतका देखणा दिसत होता, की पक्षीघरांऐवजी हेच विकावं असं एक क्षण त्यांना वाटून गेलं. त्या दिवशी घरं किती झाली? शून्य.

मंगळवारी अंमलबजावणी. कोठीच्या खोलीचं दार लावून मालक सखोल कामाला बसले आणि एक वाजेपर्यंत अकरा वेळा बाहेर आले. एकदा पाणी प्यायला. एकदा टेप शोधायला (ती गळ्यात होती). एकदा बेल वाजली, कुरिअरवाला आला वाटतं, म्हणून. बेल वाजली नव्हती, पण बाहेर आलोच आहोत तर म्हणून त्यांनी दोन कप चहा घेतला.

बायको हॉस्पिटलात नर्स, दुपारच्या पाळीला जाणारी. तिने हे सगळं भाजी निवडता निवडता पाहिलं.

"तुमच्या वेळापत्रकाबद्दल माझं काही म्हणणं नाही हो," ती म्हणाली. "माझी तक्रार त्या दाराबद्दल आहे. ते फार वेळा उघडतं."

मालकांना ते लागलं. लागलं की ते पेटून उठतात. त्यांनी लाल पेन उचललं आणि तक्त्याखाली नियम लिहिले. एक, दहा वाजता फोन स्वयंपाकघरातल्या खणात बंद. दोन, वाय-फाय लेकीने बंद करायचं. तीन, दार कुणी वाजवायचं नाही. आणि चार: 'मालकांनी आतून हाक मारली तर ओ देऊ नये. कोणतंही कारण सांगितलं तरी ऐकू नये. ती मनाची कमजोरी समजावी.'

बायकोने नियम चार दोनदा वाचला. "इथे सही करा," ती म्हणाली. "आमच्याकडे ऑपरेशनआधी घेतात तशी."

मालकांनी झोकात सही ठोकली. लेक साक्षीदार झाली. शेजारच्या रिटायर्ड मास्तरांना गप्पा मारायची भारी हौस, म्हणून त्यांनाही एक प्रत पोचवली गेली.

बुधवारी दहाच्या ठोक्याला मालक आत गेले. अकरा घरं तयार होती (सहा त्यांनी मंगळवारी जेवणानंतर ईर्ष्येने ठोकली होती), बारावं जोडायचं आणि सगळी खोक्यांत भरायची एवढंच राहिलं होतं. काम झरझर चाललं. बाराव्या घराचा फक्त वरचा हूक राहिला आणि पाहतात तो एक स्क्रू कमी!

बाहेर जाऊन आणावा? छे! काल अकरा वेळा गेलो, आज एकदाही नाही. मालकांनी चौफेर पाहिलं. दाराच्या पितळी मुठीत एक स्क्रू होता, अगदी मापाचा. इतकी वर्षं तो तिथे नुसता बसून होता. (कचेरीत असे पुष्कळ असतात, कुणाचं काही अडत नाही.) मालकांनी तो काढला, हुकाला बसवला आणि दोन पावलं मागे सरून घराकडे कौतुकाने पाहिलं.

तेवढ्यात दारापलीकडे 'खण्' असा आवाज झाला. बाहेरची मूठ आपल्या सळईसकट खाली पडली होती. मालकांनी घाईने आतली मूठ धरली, तर ती हातातच आली.

मालक आधी घाबरले नाहीत. एक वाजता उघडतीलच की कुणीतरी. मग त्यांना आठवलं, कुरिअरवाला बारा वाजता येणार. त्यांनी स्वतःच बोलावला होता. वेळापत्रकात चिंतनाला अर्धा तास होता, आढाव्याला दोनदा जागा होती, कुरिअरवाल्याला मात्र कुठेच नव्हती. आणि तो एकदा परत गेला की उद्याशिवाय येत नाही.

"अगं ए! ऐकतेस का?"

बाहेर भाजी चिरल्याचा आवाज चालूच राहिला.

"अगं, दार उघड!"

"आई, बाबा हाका मारतायत," बाहेर लेकीचा आवाज.

"मारू देत. पहिला दिवस आहे, त्रास होणारच. पेशंट ओरडला म्हणून आपण सलाईन काढतो का?"

"अगं, मूठ निघालीय इथली!"

"काल टेप हरवली होती," बायको लेकीला म्हणाली, "आज मूठ निघाली."

"बारा वाजता कुरिअरवाला येतोय!"

"कालही येत होता. चहा संपला तरी काही आला नाही."

मालकांनी मुठीच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला, तो गरागरा फिरला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. शेवटी त्यांनी हातोडी उचलली आणि दारावर दणादण घाव घातले.

"बघ, लागले कामाला," बाहेरून समाधानाचा आवाज आला. "आज जोर आहे हो!"

मालक खिडकीकडे धावले. गज होते, पण पलीकडच्या गॅलरीत मास्तर कुंड्यांना पाणी घालत होते.

"मास्तर! अहो मास्तर! मी अडकलोय! जरा आमच्या हिला सांगता का?"

मास्तरांनी झारी खाली ठेवली. खिशातून चष्मा काढला, मग घडी केलेला कागद काढला, चौथ्या नियमावर बोट ठेवून तो शांतपणे वाचला. वर पाहून ओठांवर बोट ठेवलं, मालकांकडे अभिमानाने पाहून मान हलवली आणि पाय न वाजवता ते आत निघून गेले.

मालक खाली बसले. साहेब डोळ्यांपुढे आले. पंखा आला. पाखरं उडाली. त्यांनी बाराव्या घराच्या छपरावरून हात फिरवला. ही घरं चांगली झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनापासून काही चांगलं केलं होतं. मग ते दात-ओठ खात उठले. कुरिअरवाला आला, दार उघडलं आणि माल बांधलेला नाही, असं तरी होता कामा नये. त्यांनी खोकी पुढे ओढली. ना फोन, ना वाय-फाय, ना चहा. बाराला दहा कमी असताना बारा खोकी टेप लावून, पत्ते चिकटवून ओळीत उभी होती. पाच महिन्यांत असं कधीही घडलं नव्हतं.

आणि बेल वाजली. खरोखरच वाजली.

"बारा बॉक्स आहेत ना, ताई?" कुरिअरवाल्याचा आवाज.



"आई," लेक म्हणाली, "म्हणजे बाबा खरं बोलत होते?"

बायको धावत दाराशी आली. "अहो! कुरिअरवाला आलाय! बाहेर या!"

"कसा येऊ? तिथे खाली मूठ पडलीय, ती लाव!"

"ती पितळी, गोल? ती मी मघाशी झाडताना उचलली. वाटलं, तुमचंच काहीतरी फुटकं-तुटकं असेल. कचऱ्यात टाकली."

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही कामात होतात ना!"

"आणि कचरा कुठाय?"

"जिन्यात ठेवला होता... अगोबाई, गाडी आली असेल!"

लेक तीन-तीन पायऱ्या उतरत धावली. कुरिअरवाला म्हणाला, मला अजून नऊ ठिकाणी जायचंय, पाच मिनिटं थांबेन. मालकांनी आतून ती पाच मिनिटं कपाळ दाराला टेकून काढली. चौथ्या मिनिटाला लेक चहाच्या चोथ्याने माखलेली मूठ घेऊन परत आली. कुरिअरवाल्याने ती पुसून बसवली, फिरवली, आणि दार उघडलं. बारा खोकी डोळ्यांदेखत जिना उतरून गेली.

शनिवारी रोपवाटिकेच्या बाईंचा निरोप आला: घरं सुरेख, दर महिन्याला चोवीस पाठवा. बायकोने तो दोनदा वाचला आणि पदराने डोळे टिपले. "मला वाटलं नव्हतं हो तुमच्याकडून होईल," ती म्हणाली. मालकांनी त्याच दिवशी साहेबांना राजीनामा धाडला आणि संध्याकाळी गॅलरीत उभं राहून मास्तरांना समजावलं, की यशाचं रहस्य एकच, कडक दिनक्रम आणि मनावर ताबा. बायकोने ते आतून ऐकलं.

"खरंय," ती लेकीला म्हणाली.

सोमवारी दहाला पाच कमी असताना मालक खोलीत शिरले. हातातलं लाकूड ठेवलं, आणि दहाच्या आत एक घोट चहा घ्यावा म्हणून वळले, तर बाहेरून 'खट्' असा भरभक्कम आवाज झाला. ती कडी कालपर्यंत त्या दाराला नव्हती.

"अगं, काय हे?"

कुणी ओ दिली नाही. फक्त दाराखालच्या फटीतून एक कागद सरकत आत आला. अक्षर बायकोचं, खाली साक्षीदार म्हणून लेक आणि मास्तर दोघांच्या सह्या:

'नियम पाच. कुरिअरवाला आल्यास खोलीतून फक्त बॉक्स बाहेर काढावेत. मालक काढू नयेत.'