ओढ्याकाठचा डेव्हिड जोन्स

फ्रान्सला निघालेल्या बसमध्ये नेस्टा चढली तेव्हा तिच्या हातात बादली होती आणि बादलीत घासायचा ब्रश. ड्रायव्हर म्हणाला, खाली सामानात ठेवतो. तिनं ती मांडीवर घेतली. मी, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी फुलांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी वेल्समधल्या आमच्या गावांत प्रत्येक घर आपल्या माणसांची थडगी घासून धुतं आणि फुलांनी झाकून टाकतं. नेस्टाकडे घासायला वडील नव्हते. ती आईच्या पोटात असतानाच ते पहिल्या महायुद्धावर गेले, आणि पुढे पोस्टानं नुसतं त्यांचं पदक आलं. आईनं ते खाणीतल्या खोल पाण्यात भिरकावलं. मला नवरा हवा होता, म्हणाली. लहानपणी आम्ही सगळ्या आपापल्या थडग्यांशी बसायचो, तेव्हा नेस्टा आम्हाला पाणी आणून द्यायची. कुणाला दया आली तर आपल्या एखाद्या लांबच्या आजीचा कोपरा तिला घासायला द्यायचं. फार मन लावून घासायची. आता ऐंशीला आल्यावर एकदा तरी स्वतःच्या बापाचा दगड धुवायचा, एवढंच तिनं मनात धरलं होतं.

शोधायचं काम तिच्या पुतण्याकडे, ग्विलिमकडे आलं होतं. तो बसकंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, तेव्हा गर्दीतून माणूस ओळखणं आपल्याला जमतं अशी त्याची समजूत. पण नेस्टाचे वडील डेव्हिड जोन्स. गावात त्यांना सगळे ओढ्याकाठचा डेव्हिड म्हणायचे, म्हणून घोटाळा व्हायचा नाही. लष्कराच्या कागदांत ओढा कुठला? आमच्या पलटणींत इतके डेव्हिड जोन्स होते की हवालदार नावाऐवजी नंबरानं हाक मारायचे. तो नंबर पदकाच्या कडेवर कोरलेला असतो, आणि पदक खाणीच्या तळाशी. त्यात निम्मे कागद दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलेले. उरलेल्यांतून ग्विलिमनं फ्रान्समध्ये थडगं असलेला एक डेव्हिड निवडला. पलटण तीच, पाटीच्या दगडाच्या खाणीतला कामगार, वय जुळणारं, आणि बायकोचं नाव मार्गारेट.

"काकू, तुझ्या आईचंच नाव," तो विजयानं म्हणाला.

मी त्याला आपल्याच गल्लीतल्या मार्गारेट मोजायला सांगितल्या. त्यानं मनात मोजल्या आणि माझ्यावर चिडला. नेस्टा तोवर नवा ब्रश आणायला गेली होती.

तिथल्या लष्करी दफनभूमीत पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा होत्या. आमचा दगड माझ्या चहाच्या बशांपेक्षा स्वच्छ निघाला. तरी नेस्टा बादली भरून आणून गुडघ्यांवर बसली.

"काकू, इथली माणसं नेहमी साफ करतात," ग्विलिम म्हणाला.

"माणसं करतात. लेकीनं केलंय का कधी?"

तिनं तो दगड असा घासला की ग्विलिमला अक्षरांची काळजी वाटू लागली. मग घरून आणलेली डॅफोडिलची पिवळी फुलं लावली आणि वडिलांना घरची हकिकत सांगायला बसली. आईनं दुसरं लग्न केलं नाही. तुमचं घड्याळ मी विकलं, राग धरू नका. खाण बंद पडली, चॅपेलचं छप्पर गळतं. हे सांगता सांगता ती रडायला लागली. नवऱ्याला पुरताना ती अशी रडली नव्हती. ग्विलिम झाडांकडे बघत राहिला. मी थर्मास धरून उभी होते.

तेवढ्यात ठेवणीतला कोट घातलेला एक म्हातारा येऊन आमच्या मागे थांबला. त्याच्याही हातात बादली. शेजारच्या दगडाकडे जायचं असेल म्हणून ग्विलिमनं वाट करून दिली. तो हलला नाही.

"तुमचं झालं की सांगा," तो आमच्याच वेल्शमध्ये म्हणाला.

"कुणाकडे आलात?"

"ह्यांच्याकडेच. मी एम्रिस. माझे वडील."

त्यानं खिशातून पदक काढलं. कडेवर नंबर होता, दगडावरही नंबर होता. ग्विलिमनं दोन्ही वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

"आणि तुमच्या आईचं नाव?" त्यानं शेवटची आशा धरून विचारलं.

"मार्गारेट."

गल्लीतल्या मार्गारेटची आठवण मी करून दिली नाही. मला ते सोपं गेलं नाही.

नेस्टा गुडघ्यांवरच होती. "मग माझे कुठे आहेत?" तिनं विचारलं. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची नावं त्या तिकडच्या भिंतीवर आहेत, असं ग्विलिम हळूच म्हणाला. तिथेही डेव्हिड जोन्स बरेच आहेत. त्यांतले आपले कोणते, हे त्यानं ह्या वेळी सांगितलं नाही.

ती एकेक डॅफोडिल गोळा करू लागली. "माफ करा हं. तुमच्या वडिलांना आमच्या घरातलं काय काय ऐकवलं मी."

"राहू द्या ती फुलं," एम्रिस म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं. बाप घरात आला की आधी कमरेचा पट्टा काढायचा. तो मेल्याची बातमी आली त्या दिवशी आईनं चहा टाकला, आणि घर पहिल्यांदा निवांत जेवलं. एम्रिस स्वतःहून इथे आलाच नसता, पण बहिणीनं मरताना वचन घेतलं. फाटकापर्यंत आला आणि पाय उचलेनात. तेवढ्यात दिसलं की बापाच्या थडग्याशी कुणीतरी रडतंय.

"आई म्हणायची, ह्या माणसासाठी जगात कुणी टिपूस गाळणार नाही. खोटी पडली," तो म्हणाला. "मला काही ते जमायचं नाही, बाई. तुमचं चाललं होतं ते चालू द्या."

नेस्टा परत वळली, दगडावर हात ठेवला आणि घड्याळाची गोष्ट सांगितली होती त्याच आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा एम्रिस आलाय. म्हातारा झालाय आता. मागे उभा आहे, पुढे यायला अजून भितोय. त्याला काही बोलू नका."