अडीच फेरे ढिलं

तात्या गिअरचं तेल हुंगतात. सहज वास आला म्हणून नव्हे. यात्रेत अत्तरवाला मनगटावर बोट फिरवतो तसा एक थेंब मनगटाला लावून, डोळे मिटून, अगदी मन लावून. तेल लालभडक. हुंगून झालं की म्हणतात, "बाई बरी हाये आज."

बाई म्हणजे त्यांची जुनी पिकअप. डिंभ्याला कालव्याच्या कामावर आलेला कुणी साहेब जाताना विकून गेलेला. तिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. आमच्याकडं तिला हात लावू शकणारा मिस्त्री एकच, तात्या. त्यांचं गॅरेज आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात भिंत एकच, म्हणून हे सगळं मला सांगता येतं. आणि न सांगता गप्पही बसता आलं.

तात्यांचे नियम दोन. पहिला, "चालत्याचं माप चालतं आसतानाच घ्यावं." गाडीचा हा नियम ते माणसांनाही लावतात. सरकारी दवाखान्यात बीपी बघायला बसवलं तर म्हणाले, "बसल्या माणसाचं काय बगता, डाक्टर? दोन चकरा मारून येतो, मंग घ्या." आणि खरोखर दवाखान्याला दोन चकरा मारून, धापा टाकत आले. भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाकडं बोट करून म्हणाले, "च्या पिणारं पोरगं समद्यांनाच गोड दिसतंय. ह्याला चार दिस भातलावणीला सोडा, मंग बगू." सोयरीक तिथंच मोडली. आम्ही पोट धरून हसलो. मला तर तो नियम म्हणजे तात्यांचा विनोदच वाटायचा.

दुसरा नियम गिअरमधला पट्टा आवळायच्या स्क्रूचा. आधी पुरता आवळायचा, मग अडीच फेरे ढिला सोडायचा. "सोडला न्हाई तर पट्टा जळतो, भाऊ." त्यांचं रागावणंही याच मापाचं. एकदा माझ्या गिरणीचं पीठ त्यांच्या उघड्या इंजिनात उडालं. शिव्या अशा दिल्या की दळणाला आलेल्या बायका डबे टाकून पळाल्या. मग चहा सांगितला. हा एक फेरा. बिस्कीट पुढं केलं, दुसरा. आणि उठताना म्हणाले, "पोटात काय न्हाई बरं का माझ्या." हा शेवटचा अर्धा.

"तात्या, साधा हातगिअर टाका की. लोक हसतात," असं मी कितीदा म्हणालो असेन. त्यांचं उत्तर ठरलेलं. "क्लच आला म्हंजी डावा पाय आला."

हौसाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, डावा पाय लहानपणापासून लुळा. पिकअप चालवायच्या त्याच. घोडेगावच्या बाजाराला, तळेघरला माहेरी. वाटेत येष्टीची वाट बघून कंटाळलेल्या बायका मागं घ्यायच्या आणि येष्टीलाच हॉर्न मारून पुढं जायच्या.

आता सहा वर्षं गिळलेलं सांगतो.

काकूंची आई तळेघरला अंथरुणाला खिळलेली. निरोप आला, लगेच निघा. तात्या त्या दिवशी ओझरला गणपतीला गेलेले. काकू घरात आवरत होत्या. मी म्हटलं, बाई माणूस घाटात निघालंय, गिअरचं तेल तरी बघून ठेवू. गिरणीच्या इंजिनाचं तेल वीस वर्षं मी इंजिन बंद असतानाच बघत आलो होतो. हिचंही तसंच बघितलं. तेल बघायच्या काडीवर खुणेच्या बोटभर वर! बंद गाडीत सगळं तेल खाली उतरतं आणि जास्त दिसतं, हे मला काय ठाऊक? नळी घालून लिटरभर काढून टाकलं, हात पुसले आणि शेजारधर्म केल्यासारखा गिरणीत जाऊन बसलो. काकूंना सांगितलंसुद्धा नाही.

घाटात गिअर जळाला. काकू संध्याकाळपर्यंत वळणावर एकट्या बसून होत्या. माहेरी पोचल्या तेव्हा आई गेलेली होती.

गाडी ओढून आणली. तात्यांनी काडी बघितली, जळकं तेल हुंगलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. "माझंच माप चुकलं."

मी समोर उभा होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "होतं असं, तात्या."

पुण्याच्या भंगारातून गिअरच्या प्लेटा आणून त्यांनी गाडी उभी केली. दुसऱ्यांच्या गाड्या मात्र दुरुस्तीला घ्यायच्या सोडल्या. काकू परत गाडीत बसल्या नाहीत. दर शनिवारी सकाळी तात्या बाईला तापवायचे, आणि दांडा सगळ्या गिअरांतून फिरवताना ब्रेक दाबून धरायला मला हाक मारायचे. मी बसायचो काकूंच्या जागी, काकूंच्या उशीवर. काकू उंबऱ्यात.

"बसती का?" तात्या विचारायचे.

"पुढल्या शनवारी."

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. दिवस झाल्यावर पहिल्याच शनिवारी तात्यांची हाक आली. मी ब्रेक दाबला. त्यांनी शेजारी बसून दांडा फिरवला, खाली उतरून काडी बघितली, तेल हुंगलं, उंबऱ्याकडं वळून सवयीनं म्हणाले, "बसती का?"

माझा पाय ब्रेकवर होता. तो तसाच ठेवून मी सगळं सांगितलं.

तात्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"लिटरभर?"

"हो."

"बंद गाडीत बगितलंत?"

"हो."

त्यांनी हातातली काडी फडक्यानं पुसली. "तिला गाडीचं भ्या न्हवतं, भाऊ. माझ्या हाताचं व्हतं. सा वर्सं मी तिला त्येच हात दाखवत बसलो."

मी शिव्यांची वाट बघितली. एकही आली नाही. पुरतं आवळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी चहा सांगितला. बिस्कीट पुढं केलं. मी कप रिकामा करून बसून राहिलो.

ते उठले, उशी झटकली आणि परत जागेवर ठेवली.

"शनवारी या," म्हणाले. "ब्रेकाला माणूस लागतंय."

मी जातो. चहा येतो, बिस्कीट येतं. अर्धा फेरा अजून बाकी आहे.